डोकं रायफलकडे नेऊ नका, रायफल डोक्याकडे आणा

(ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'अॅक्चुअली' थोडे कमी केलेत.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की तू एवढ्यात नेमबाजीबद्दल का बोलत नाहीस, सोडलीस की काय. खरं सांगू? सोडणारच होतो. मान दुखत होती, स्कोअर अडकला होता आणि कारण काय ते सापडत नव्हतं. सापडलं तेव्हा कळलं की चूक ट्रिगरवरच्या बोटात नव्हती आणि हातातही नव्हती. ती मानेच्या वर होती. आजचा भाग त्याबद्दल आहे: रायफल धरल्यावर डोकं कुठे असावं, कसं असावं आणि त्याने एवढा फरक का पडतो.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीटेक झालं, नोकरी लागली आणि दोन वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर सहज रेंजवर गेलो. तिथून १० मीटर एअर रायफलचं वेड लागलं. मी कोणी मोठा खेळाडू नाही. त्यामुळे हे सगळं शिकणाऱ्याच्या नजरेतून ऐका.

१.३ गुण म्हणजे किती?

आधी खेळाचा आकडा समजून घेऊ. १० मीटर एअर रायफलमध्ये ६० शॉट असतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी ७५ मिनिटं मिळतात. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण. १०-१० शॉटच्या सहा मालिका, म्हणजे एकूण ६५४. टार्गेटच्या मधोमध जो दहाचा ठिपका असतो त्याचा व्यास फक्त ०.५ मिलिमीटर आहे. पेन्सिलीचं टोक टेकवल्यावर उमटेल तेवढा. आणि पेलेटचा व्यास ४.५ मिलिमीटर, म्हणजे ठिपक्यापेक्षा नऊपट.

आता हिशेब. पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटर सरकला की एक गुण जातो. म्हणजे दर ०.२५ मिलिमीटरला ०.१ गुण.

गेल्या वर्षी मी एक स्पर्धा खेळलो. पुढच्या फेरीत जायला मला १.३ गुण कमी पडले. ६० शॉटमध्ये १.३ गुण. भागाकार करा: एका शॉटमागे साधारण ०.०२ गुण, म्हणजे टार्गेटवर सरासरी ०.०५ मिलिमीटर. डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. घरी आल्यावर आईने विचारलं, "किती कमी पडले रे?" आता तिला काय सांगणार, केसापेक्षा कमी!

पण खरी गोष्ट एकूण आकड्यात नव्हती, मालिकांमध्ये होती. माझ्या सहा मालिका अशा होत्या: १०२.४, १०३.१, १०२.०, १०१.२, ९९.८, ९८.९. एकूण ६०७.४. बघा, सुरुवात ठीक आहे आणि तिसऱ्या मालिकेनंतर उतार लागलाय. मी गृहीत धरलं की माझा स्टॅमिना कमी पडतोय किंवा मी घाबरतोय. दोन महिने धावायला गेलो, प्राणायाम केला. तब्येत सुधारली, स्कोअर तिथेच. आणि प्रत्येक सरावानंतर उजव्या बाजूने मानेपासून कानामागे ठणका सुरू व्हायचा.

मॅडमनी काय पाहिलं

एके दिवशी आमच्या कोच मॅडम माझ्या मागे न थांबता बाजूला येऊन उभ्या राहिल्या. दहा-बारा शॉट नुसतं पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अरे, तू रायफल उचलतोस आणि मग मान पुढे काढून तिच्यावर झोपतोस. कासवासारखी मान काढतोस बघ. डोकं रायफलकडे नेऊ नकोस, रायफल डोक्याकडे आण."

मी म्हटलं, "मॅडम, पण साइटमधून दिसायला तर पाहिजे ना?"

त्या म्हणाल्या, "दिसायला पाहिजे, म्हणूनच म्हणतेय. मान न वाकवता दिसलं पाहिजे. रायफलला एवढे स्क्रू कशाला दिलेत मग?"

माझा फोन घेऊन त्यांनी बाजूने व्हिडिओ काढला. बघितला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. दिवसभर ऑफिसमध्ये लॅपटॉपसमोर मी जसा बसतो, अगदी तसाच मी रेंजवर उभा होतो. हनुवटी पुढे, मान खाली, भुवयांखालून वर बघणं.

कानातला अॅक्सेलरोमीटर

आता हे का चुकीचं आहे ते बघू. 'आरामात उभं राहा' हा सल्ला ऐकायला फार मवाळ वाटतो, पण त्यामागे तीन पक्की कारणं आहेत.

पहिलं कारण तोल. तुमचा फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण आत अॅक्सेलरोमीटर असतो. कोणती दिशा खाली आहे हे त्याला कळतं. फोन किती वळला हे सांगायला जायरोस्कोप असतो. आपल्याही डोक्यात हे दोन्ही आहेत, आतल्या कानात. तिथे बारीक कॅल्शियमच्या कणांचा एक थर आहे, तो गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतो. आणि तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्या डोकं वळल्याचं सांगतात. मेंदू ही माहिती, डोळ्यांना जे दिसतं ते आणि पायातून, मानेतून येणारे संदेश एकत्र करून तोल सांभाळतो.

डोकं सरळ असताना ही यंत्रणा सगळ्यात चांगली चालते. तिरकं ठेवलं तरी मेंदू जुळवून घेतो, पण त्याला जास्त काम पडतं आणि शरीर थोडं जास्त डोलतं. करून बघा. भिंतीजवळ एका पायावर उभे राहा, डोकं सरळ ठेवा. मग डोकं खांद्याकडे झुकवा. फरक लगेच जाणवेल. रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, अंगात जाडजूड शूटिंग जॅकेट असतं. अशा वेळी हे डोलणं नळीच्या टोकापर्यंत पोचतं.

दुसरं कारण मान. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते कण्याच्या वर सरळ असेल तर वजन हाडांवर जातं. पुढे काढलं की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. स्नायू दमला की थरथरतो. पहिल्या वीस शॉटला कळत नाही, चाळिसाव्याला कळतं. माझ्या मालिकांचा उतार आठवा!

तिसरं कारण डोळा. डोकं खाली झुकलं की समोर बघण्यासाठी बुबुळ वर वळवावं लागतं. डोळ्याला फिरवणारे स्नायूही दमतात. माझ्यासारखा चष्मा असेल तर आणखी एक भानगड: तुम्ही काचेच्या मधून न बघता वरच्या कडेतून बघता आणि तिथे प्रतिमा नीट येत नाही. म्हणून नेमबाजीच्या खास चष्म्यात काच पुढेमागे, वरखाली हलवता येते, म्हणजे ती डोळ्याच्या बरोबर समोर आणता येते.

०.१ मिलिमीटरचा हिशेब

हे झालं आरामाचं. आता स्थिरतेचं. डोकं आरामात हवं आणि दर वेळी त्याच जागी हवं. का?

एअर रायफलवर मागे एक बारीक छिद्र असतं, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. ती रिअर साइट, आपल्याकडे सगळे 'पीप' म्हणतात. पुढे नळीच्या टोकाशी फ्रंट साइट असते, तिच्यात एक कडी. छिद्रातून कडी आणि कडीत टार्गेटचं काळं वर्तुळ. एकात एक अशी गोल वर्तुळं दिसली की नेम बरोबर.

छिद्राचा फायदा हा की डोळा थोडा इकडेतिकडे असला तरी ते बरंच सांभाळून घेतं. पण सगळं नाही. डोळा खूपच एका बाजूला गेला की छिद्राचा एकच भाग वापरला जातो, आणि कडी मधोमध दिसत असूनही बघण्याची रेषा तिरकी झालेली असते.

किती तिरकी? समजा, दोन साइटमधलं अंतर ७० सेंटीमीटर आहे आणि टार्गेट १० मीटरवर. ढोबळ गुणोत्तर १४. म्हणजे मागे बघण्याचा बिंदू ०.१ मिलिमीटर सरकला, तर टार्गेटवर १.४ मिलिमीटरचा फरक. बाकी सगळं अचूक असूनही १०.९ चा शॉट १०.४ होतो. मी हे वहीत मांडलं तेव्हा माझं तोंडच उघडं राहिलं. मी महिनोन्महिने ट्रिगरवर मेहनत घेत होतो आणि गुण गालाखालून गळत होते.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये बग नव्हता, इनपुटच दर वेळी वेगळं येत होतं.

मग नेमकं केलं काय

आता कामाचा भाग. आधी सुरक्षितता, आणि हे मी दर वेळी सांगणार. रायफल रिकामी आहे हे स्वतः तपासा, नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. हे सगळं रेंजवर, कोचसमोर करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन स्क्रू एकदम फिरवले तर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही. डीबगिंगचा पहिला नियम, इथेही तोच.

एक: रायफलशिवाय उभे राहा. पाय, कंबर, खांदे नेहमीच्या स्थितीत. आता डोकं फक्त टार्गेटकडे वळवा. वाकवू नका, पुढे काढू नका. बसस्टॉपवर उभं राहून बस येतेय का बघतो ना, तसं. ही तुमच्या डोक्याची जागा. आता बाकी सगळं इथे आलं पाहिजे.

दोन: रायफल वर आणा. खांद्याला टेकते ती बटप्लेट खाली सरकवली की खांद्यावर रायफल वर बसते आणि साइट डोळ्याच्या जवळ येते. तेवढ्याने भागलं नाही तर साइटखाली उंची वाढवणारे ब्लॉक मिळतात, त्यांना रायझर म्हणतात. स्पर्धेच्या नियमांत काय चालतं ते कोचला विचारूनच लावा. माझी बटप्लेट साधारण दीड सेंटीमीटर खाली गेली. मान आपोआप सरळ झाली.

तीन: गाल. चीकपीसवर गाल वरून सरळ खाली टेकवायचा, उशीवर डोकं टेकवतो तसा. गालाच्या हाडाला आधार मिळाला पाहिजे आणि डोक्याचं वजन त्यावर विसावलं पाहिजे. बाजूने दाबायचं नाही. बाजूने दाबलं तर शॉटच्या क्षणी स्नायू किंचित सैल पडतो आणि रायफल तेवढीच सरकते. दात आवळू नका, जबडा सैल सोडा.

चार: डोळे मिटून परीक्षा. ही माझी सगळ्यात आवडती. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल जिथे सहज विसावेल तिथे विसावू द्या. दोन श्वास घ्या. आता डोळे उघडा, पण डोकं अजिबात हलवू नका. काय दिसतं?

कडी छिद्राच्या मधोमध दिसली, तर उत्तम. दिसण्यासाठी डोकं वर उचलावं लागत असेल, तर चीकपीस खाली आहे, वर घ्या. गाल दाबावा लागत असेल, तर चीकपीस जास्त वर आहे. डावी-उजवीकडे सरकावं लागत असेल, तर चीकपीस आडवा हलवा. हे पाच-सहा वेळा करा, प्रत्येक वेळी रायफल पूर्ण खाली ठेवून. एकदा जमलं म्हणजे जमलं असं नसतं.

पाच: पुढे-मागे. डोळा आणि छिद्र यातलं अंतर रोज तेच हवं. छिद्राच्या भोवती दिसणारा प्रकाशाचा गोल सगळीकडून सारखा आहे का, हे बघायची सवय लावा. मी चीकपीसवर एक बारीक पट्टी चिकटवली, गाल तिथे लागला की कळतं. अंतर बदलायचं तर बटप्लेट पुढे-मागे करून बदला, मान ताणून नको.

सहा: दुसरा डोळा मिटू नका. मिटला की अर्धा चेहरा आवळला जातो. त्यासाठी छोटा ब्लाइंडर मिळतो, नियमाप्रमाणे ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालतो. दोन्ही डोळे उघडे, चेहरा सैल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. डोकं नीट आहे पण नेम टार्गेटच्या बाजूला जातोय, तर मान वळवून जुळवू नका. पाय हलवा. मागचा पाय थोडा सरकवला की अख्खं शरीर, रायफल आणि डोकं एकत्र वळतं. माझी जुनी सवय ही की शेवटचा मिलिमीटर मी मानेने भरून काढायचो.

एकाच माणसाची तीन डोकी

१० मीटरला आपण फक्त उभं राहून मारतो. आता ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचा विचार करा: गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने याच प्रकारात ४५१.४ गुणांसह ब्राँझ जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. त्या दिवशी आमच्या ऑफिसमध्ये मीटिंग चालू होती आणि अर्ध्या टीमच्या फोनवर फायनल चालू होती!

तेव्हा मी फक्त गुण बघत होतो. हल्ली त्या फायनलचा व्हिडिओ पुन्हा लावला आणि फक्त डोकं बघितलं. गुडघ्यावर बसल्यावर शरीर घडी घातल्यासारखं होतं, डोकं पुढे पडायला बघतं. झोपल्यावर उलट, मान मागे वळते. उभं राहिल्यावर तिसरंच. प्रत्येक स्थितीत बटप्लेट, चीकपीस बदलून रायफल पुन्हा डोळ्याकडे आणावी लागते आणि हे सगळं घड्याळ चालू असताना. आपण टीव्हीवर नुसता शांत चेहरा बघतो. ती शांतता आधी पाना घेऊन जुळवलेली असते, हे मला आत्ता कळलं.

आता कुठे आहे मी

पहिले दोन आठवडे वाईट गेले. नवीन जागा विचित्र वाटत होती आणि स्कोअर ६०० च्या खाली गेला. मॅडमना म्हटलं, "जुनंच बरं होतं." त्या म्हणाल्या, "जुनं सवयीचं होतं. बरं नव्हतं." रोज वीस मिनिटं पेलेटशिवाय, फक्त रायफल उचलणं आणि गाल टेकवणं. कंटाळवाणं काम. कोणी बघत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही.

तीन महिन्यांनी सरावात पूर्ण ६० शॉट मारले: १०२.६, १०२.२, १०२.९, १०२.१, १०१.७, १०२.३. एकूण ६१३.८. आता जुन्या मालिका शेजारी ठेवा. पहिल्या तीन मालिकांची बेरीज तेव्हा ३०७.५ होती, आता ३०७.७. फरक जवळजवळ नाही. शेवटच्या तीन मालिका तेव्हा २९९.९, आता ३०६.१. म्हणजे मी जास्त चांगला नेमबाज झालो नाहीये. पहिल्या अर्ध्या तासात मी जो होतो, तोच आता शेवटपर्यंत टिकतो.

हा सरावाचा आकडा आहे, स्पर्धेचा नाही. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. तिथे हात थरथरेल, घशाला कोरड पडेल, ते सगळं होईल. १.३ गुण पुन्हा कमी पडू शकतात. पण या वेळी ते मानेमुळे जाणार नाहीत एवढं नक्की.

कानामागचा ठणका गेला. पूर्ण नाही, कारण दिवसाचे नऊ तास मी अजूनही लॅपटॉपसमोरच असतो. म्हणून गेल्या आठवड्यात लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवली, वेगळा कीबोर्ड जोडला. इंजिनिअरिंगची पुस्तकं अखेर कामाला आली!

तुमच्यातल्या बहुतेकांनी कधी रायफल हातात घेतली नसेल. हरकत नाही. हे वाचताय तो फोन आत्ता कुठे आहे बघा. मांडीवर असेल आणि मान त्याच्यावर वाकलेली असेल, तर हात थोडा वर करा. डोकं तिथेच राहू द्या.

रेंजवर जाणाऱ्यांनी डोळे मिटून परीक्षा करून बघा आणि काय दिसलं ते मला व्हॉइस नोटमध्ये सांगा. निवडक उत्तरं पुढच्या भागात घेऊ. तोवर ऐकत राहा, मान सांभाळा. भेटू!